बंद इंजिनाची तालीम

जे घडू नये म्हणून माणूस आयुष्यभर खबरदारी घेतो, तेच तो काही ठिकाणी ठरवून, वेळ नेमून, पुनःपुन्हा घडवून आणतो. अग्निशमन दलाचे जवान न पेटलेल्या इमारतीला शिड्या लावतात. जहाजावरचे खलाशी न बुडणाऱ्या जहाजातून बोटी खाली सोडतात. अशा सरावांमध्ये एका इंजिनाच्या लहान विमानाचा एक सराव वेगळा काढून पाहण्याजोगा आहे. इतर ठिकाणी संकटाचे केवळ सोंग आणलेले असते. येथे ते निम्मे खरे असते. इमारत पेटलेली नसते, जहाज बुडत नसते. पण विमान मात्र खरोखरच खाली येत असते.

मराठीत या कृतीला ‘तालीम’ हा शब्द सहज लागू पडतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ शिकवणे असा आहे. मराठीने त्याला दोन घरे दिली, एक तांबड्या मातीच्या आखाड्यात आणि दुसरे रंगभूमीवर. आखाड्यातल्या तालमीत अंगाला खरी माती लागते, खरा मार बसतो. नाटकाच्या तालमीत सगळेच लटके असते आणि तरीही त्यातूनच खरे उभे राहते. बंद इंजिनाची तालीम या दोहोंपैकी कोणत्या जातीची, हा प्रश्न वाटतो तितका शाब्दिक नाही.

कृती अशी असते. विमान जमिनीपासून सुमारे ३,००० फुटांवरून चाललेले असते. शिकणारा समोरचे क्षितिज, खालचा रस्ता आणि मांडीवरचा नकाशा यांची सांगड घालण्यात गुंतलेला असतो. शेजारी बसलेला प्रशिक्षक काहीही न बोलता थ्रॉटलची कळ मागे ओढतो. इंजिनाची घरघर एकदम खाली बसते, वाऱ्याचा आवाज प्रथमच कानाला जाणवतो. इंजिन बंद पडले आहे असे समजायचे. १९५६पासून बाजारात आलेले आणि ४४,०००हून अधिक संख्येने बांधले गेलेले सेसना १७२ हे चार आसनी विमान घेतले, तर त्याच्या अनेक प्रकारांत वैमानिकाला प्रथम ताशी सुमारे १२० किलोमीटरचा वेग साधावा लागतो. त्या वेगाला ते सर्वांत दूरवर तरंगत जाते. एक फूट उंची खर्च करावी, तेव्हा सुमारे नऊ फूट अंतर पदरात पडते. ३,००० फुटांची शिल्लक म्हणजे वारा नसताना आठेक किलोमीटर आणि चारेक मिनिटे. या चार मिनिटांत उतरण्याजोगी जागा निवडायची, वारा कोठून येतो ते ओळखायचे, इंधनाची टाकी, मिश्रण, कार्ब्युरेटरची उष्णता, प्रज्वलन हे सारे तपासून इंजिन पुन्हा चालू होते का पाहायचे, रेडिओवरून हाक द्यायची, दाराची खिटी सोडून ठेवायची; आणि हे करताना निवडलेल्या जागेवर ना आखूड, ना लांब असे पोहोचायचे. जमीन साधारण ५०० फुटांवर आली की प्रशिक्षक कळ पुढे सरकवतो, इंजिन गर्जते, विमान वर चढू लागते. सराव संपतो.

या क्रियेतील सर्वांत कठीण भाग बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. इंजिन थांबताच वैमानिकाला विमानाचे नाक खाली करावे लागते. जमीन वर येत असताना जमिनीकडेच तोंड करायचे, याला शरीर राजी नसते. दांडा मागे ओढावा, नाक वर उचलावे, जमीन दूर ठेवावी असे प्रत्येक स्नायू सांगत असतो. आणि त्याचे ऐकले तर पंखावरचा हवेचा प्रवाह तुटतो, विमान उडण्याचेच थांबते आणि दगडासारखे खाली येते. वोल्फगांग लांगेविशे यांच्या १९४४ सालच्या ‘स्टिक अँड रडर’ या पुस्तकाचा बराचसा भाग या एकाच गोष्टीभोवती फिरतो. पंखाला हवा कोणत्या कोनातून भिडते ते डोळ्यांना दिसत नाही, पण सारे उड्डाण त्यावरच उभे असते. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले, तर हाच मोह दुसऱ्या रूपाने येतो. मागे धावपट्टी आहे, ओळखीची आहे, तिकडे वळावे असे वाटते. पण वळण्यासाठी लागणारी उंची जवळ नसते. समोर जे काही असेल त्यातच उतरावे, हा नियम त्यासाठी आहे. तो न पाळणारे बरेच जण धावपट्टीपाशी पोहोचण्याआधीच, वळता वळता, गिरकी घेत कोसळले आहेत. तेव्हा ही तालीम हातांच्या कौशल्याची जेवढी आहे तेवढीच, किंबहुना अधिक, अंगभूत भयाची आज्ञा न मानण्याची आहे.

मग याला धैर्य म्हणावे काय? प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात सॉक्रेटिस जवळपास हाच प्रश्न उपस्थित करतो. विहिरीत सूर मारणारे दोघे आहेत. एकाला ती विद्या अवगत आहे, दुसऱ्याला नाही. अधिक धीट कोण? लाखेस हा सेनापती अडचणीत येतो. न शिकलेला अधिक धीट म्हणावे, तर मूर्खपणालाच धैर्य म्हटल्यासारखे होते. शिकलेला अधिक धीट म्हणावे, तर त्याला फारसा धोकाच नाही. संवाद निष्कर्षाविना संपतो. विहिरीचा दाखला मराठी वाचकाला परका वाटू नये. गावोगावच्या विहिरींत पाठीला सुका भोपळा बांधून मुले पोहायला शिकली. भोपळा बांधलेला मुलगा हात मारतो, पाय झाडतो, नाकातोंडात पाणी जाऊन घाबराही होतो. पण आपण बुडणार नाही हे त्याच्या पाठीला ठाऊक असते. बंद इंजिनाच्या सरावात थ्रॉटलची कळ हा तो भोपळा आहे. शिकणाऱ्याचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

ॲरिस्टॉटलने या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. अनुभवी भाडोत्री सैनिक धीट दिसतात, कारण युद्धातल्या पोकळ धास्ती कोणत्या आणि खऱ्या कोणत्या हे त्यांना ठाऊक असते. पण धोका त्यांच्या अनुभवापलीकडे गेला की तेच आधी पळ काढतात, आणि साधे नागरिक मात्र जागेवर मरतात, असे तो म्हणतो. सरावातून येणाऱ्या धिटाईवर एवढा नेमका आक्षेप क्वचितच कोणी घेतला असेल. सरावाने माणूस सरावातल्या संकटाला तयार होतो. खरे संकट त्याच मापाचे असेलच, याची हमी कोण देणार?

आणि बंद इंजिनाच्या बाबतीत ते त्याच मापाचे नसते. सरावात इंजिन मंद गतीने चालूच असते आणि पंखा फिरता ठेवते. खरोखर बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा हवेच्या जोराने फिरतो आणि विमानाला मागे ओढतो, त्यामुळे उतार प्रत्यक्षात अधिक तीव्र असू शकतो. सरावाचा दिवस निवडलेला असतो, आकाश स्वच्छ असते, उंची पुरेशी असते, खालचा प्रदेश दहादा पाहिलेला असतो. इंजिन थांबणे हेही अनेकदा असे स्वच्छ, एका क्षणी घडत नाही; ते अडखळते, पुन्हा धरते, तेलाचा दाब हळूहळू उतरतो, आणि संकट आले की नाही याच्या निर्णयातच मिनिटे निघून जातात. सरावात संकट प्रशिक्षक जाहीर करतो. प्रत्यक्षात ते वैमानिकाला स्वतःच जाहीर करावे लागते, आणि तेच अनेकांना जमत नाही.

यावर उपाय म्हणून सराव अधिकाधिक खरा करावा, असे कोणालाही सुचेल. पूर्वसूचना न देता कळ ओढणे ही त्यातलीच एक पायरी आहे. ती एक प्रकारची फसवणूक असते. पण आपल्याला केव्हातरी फसवले जाईल याला शिष्याने आधीच संमती दिलेली असते. त्यापुढे जाऊन इंधनाचे मिश्रणच तोडणारे, म्हणजे इंजिन खरोखर बंद करणारे प्रशिक्षकही होते. ते पुन्हा चालू होईल या भरवशावर. या वाटेवर कोठे थांबायचे? जितका सराव खरा, तितकी विद्या पक्की. आणि जितका सराव खरा, तितका तो ज्यापासून वाचवायचे त्याच संकटाच्या जवळ. मंद चालणाऱ्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरून सोंग आणता आणता ते खरोखर थांबू शकते. म्हणूनच लांब उतारात अधूनमधून कळ पुढे करून इंजिनाला श्वास घेऊ देण्याची शिस्त आहे. सोंग वठवणाऱ्यानेच सोंगातून वरचेवर बाहेर डोकावावे, असा हा नियम आहे.

मोठ्या विमानांच्या जगाने या प्रश्नाची किंमत पुरेपूर मोजली. ३० मार्च १९६७च्या रात्री अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स विमानतळाजवळ डेल्टा कंपनीचे चार इंजिनांचे डीसी-८ विमान प्रशिक्षण उड्डाणावर होते. दोन इंजिने निकामी झाल्याचे गृहीत धरून उतरण्याचा सराव चालला होता. विमान आवरले नाही. ते घरांवरून कोसळत एका हॉटेलावर जाऊन आदळले. विमानातील सहाही जण मृत्यू पावले आणि जमिनीवरचे तेरा. शाळेच्या सहलीवर आलेल्या मुलीही त्यांत होत्या. विमानाची सर्व इंजिने काम करण्याच्या स्थितीत होती. जे संकट त्या रात्री अस्तित्वातच नव्हते त्याच्या तालमीने एकोणीस जीव घेतले. पुढच्या काळात असले सराव प्रत्यक्ष विमानातून हळूहळू हलवून जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये नेण्यात आले. आखाड्याची तालीम सोडून नाटकाची तालीम पत्करण्याचाच हा निर्णय होता, आणि तो योग्य होता. सरावाला अपुरे राहण्याचा हक्क आहे. पूर्ण खऱ्या सरावाची मागणी करणारा मनुष्य मुळात संकटाचीच मागणी करीत असतो.

लहान विमानांची गोष्ट मात्र थोडी निराळी. त्यांच्या शाळांना महागडी यंत्रे परवडत नाहीत, आणि वाऱ्याचा, उताराचा, जवळ येणाऱ्या जमिनीचा अंदाज पडद्यावर पुरता येत नाही. तेथे सराव विमानातच होतो, निम्मा खरा आणि निम्मा लटका. यात काय शिकवले जाते आणि काय शिकवायचे राहून जाते, हे पाहण्याजोगे आहे.

अमेरिकी शासनाच्या वैमानिक-पाठ्यपुस्तकात आणीबाणीच्या उतरणीच्या प्रकरणात मनाच्या तीन अडथळ्यांची नोंद आहे. संकट आले आहे हे मान्य करण्याची टाळाटाळ, विमान वाचवण्याची इच्छा, आणि इजेची अवाजवी धास्ती. यांतील दुसरा अडथळा नीतीच्या दृष्टीने सर्वांत विचार करायला लावणारा आहे. ते पुस्तक सांगते की पंख, चाके, शेपूट हे सर्व मोडू द्यावे, माणसे बसलेली पेटी तेवढी शाबूत राहावी. वेग आणि थांबायला लागणारे अंतर यांचे गणितही ते देते. ताशी ८० किलोमीटर वेगाला, शरीर सहन करू शकेल अशा एकसारख्या धक्क्याने थांबायचे, तर अवघे तीनेक मीटर अंतर पुरते. वेग दुप्पट झाला की चौपट, सुमारे साडेअकरा मीटर लागते. म्हणजे जगण्यासाठी लांब धावपट्टी लागतेच असे नाही. कमी वेगाने, नाक सरळ ठेवून, दोन झाडांमधून पंख मोडून घेत गेले तरी चालते. न चालणारी गोष्ट एकच. विमानाला ओरखडाही येऊ नये म्हणून दूरच्या चांगल्या शेताकडे ताणत जाणे, आणि ते ताणता ताणता वेग गमावून बसणे.

योगसूत्रांत चित्ताच्या वृत्ती आवरण्याचे दोन उपाय एकत्र सांगितले आहेत, अभ्यास आणि वैराग्य. गीतेनेही तीच जोडी ठेवली आहे. त्यांना एकत्र का ठेवले असावे याचे उत्तर या साध्या यंत्राच्या प्रसंगात जितके ठळक दिसते तितके एखाद्या भाष्यात दिसेलच असे नाही. नुसता अभ्यास वैमानिकाला वेग, कोन, क्रम शिकवतो. पण ज्या क्षणी इंजिन थांबते त्या क्षणी विमान गेलेच, आता ते परत करायची वस्तू राहिलेली नाही, असे मनाने सोडून देता आले पाहिजे. हे सोडणे म्हणजे वैराग्य. आणि ते नसेल तर सगळा अभ्यास विमान वाचवण्याच्या कामी लागतो. येथे तालमीचा मोठा दोष उघड होतो. तालमीत विमान दरवेळी सुखरूप परत येते. शंभर वेळा सराव केलेल्या वैमानिकाने शंभर वेळा विमान वाचवलेले असते. अभ्यास वाढत जातो आणि त्याच मापाने आसक्तीही. त्यात शाळेचे विमान, दुरुस्तीचा खर्च, कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाच्या घरची परिस्थिती, प्रशिक्षकाचा परवाना या सगळ्याचे ओझे त्या दांड्यावर असते. पंख मोडण्याची तालीम कोणतीही शाळा घेत नाही. घेऊही शकत नाही. ती फक्त बोलून दाखवता येते, आणि ते बोलणेही बहुतेकदा पाठांतरापुरते उरते.

याहून गंभीर गोष्ट त्या शेवटच्या ५०० फुटांत आहे. ५०० फुटांवर सराव थांबवण्याची कारणे उघड आहेत, आणि ती कायद्यातही आलेली आहेत. विरळ वस्तीच्या प्रदेशातही माणसे, वाहने, घरे यांच्यापासून ५०० फुटांहून जवळ जाऊ नये असा अमेरिकेचा नियम आहे. जमिनीवरच्या माणसाची झोप, गुरे, पीक यांची बूज राखणारा हा नियम चांगलाच आहे. पण त्याचा एक परिणाम कोणाच्या मनात नसताना घडतो. ३,००० फुटांवरून शेत हा केवळ रंग आणि आकार असतो. तपकिरी, हिरवा, लांबट, आडवा. त्यात कोण आहे ते दिसत नाही. माणसे खरी दिसू लागतात ती साधारण ५०० फुटांच्या खाली, म्हणजे नेमकी जेथे तालीम संपते तेथे. त्यामुळे शिकणाऱ्याच्या मनात ‘जागा’ या शब्दाची जी व्याख्या बनते, तीत लांबी असते, उतार असतो, वाऱ्याची दिशा असते, तारा आणि झाडे असतात; माणूस नसतो. जमीन निर्मनुष्य ठेवूनच ही विद्या शिकली जाते.

२ ऑगस्ट २०१७ रोजी पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या दक्षिणेला कापारिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर एक सेसना १५२ उतरले. विमानात प्रशिक्षक आणि विद्यार्थी होते. इंजिनाची शक्ती गेली होती. उन्हाळ्याची दुपार होती, किनारा माणसांनी भरलेला होता. विमानातल्या दोघांना गंभीर इजा झाली नाही. वाळूवरची आठ वर्षांची एक मुलगी आणि छप्पन वर्षांचा एक पुरुष मात्र ठार झाले. किनाऱ्यावरच्या संतप्त लोकांनी एकच प्रश्न विचारला. ते पाण्यात का उतरले नाहीत?

पाण्यात उतरणे सोपे नसते. खाली पक्की चाके असलेले लहान विमान पाण्याला टेकताच बऱ्याचदा उलटते; दार उघडत नाही; पट्टा सुटत नाही. वाळू मात्र लांब, सपाट, टणक असते. वर दिलेल्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर समुद्रकिनारा ही आदर्श जागा ठरते. आणि इंजिन नसलेले विमान मागून येत असल्याचे खालच्या माणसाला ऐकूही येत नाही. लाटांचा आवाज त्याच्याहून मोठा असतो. विमानातले दोघे जण जोखीम पत्करून वर गेले होते. वाळूवर पहुडलेल्या मुलीने काहीच पत्करले नव्हते. स्वतः पत्करलेला धोका टाळण्यासाठी तो न पत्करणाऱ्याच्या अंगावर ढकलण्याचा अधिकार कोणालाही नाही, या तत्त्वाला फारसा कोणी विरोध करणार नाही. ते कागदावर निर्विवाद आहे. पण चार मिनिटांपैकी साडेतीन संपलेली असताना, समोर येणाऱ्या वाळूवरचे ठिपके माणसे आहेत हे उमगताना, ते कोणाला आठवावे? आणि आठवले तरी, शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याचा जीव पाण्यात घालण्याचा अधिकार प्रशिक्षकाला कोठून मिळतो?

याच्या शेजारी दुसरा एक प्रसंग ठेवावासा वाटतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७, इंधन मोजताना पौंड आणि किलोग्रॅम यांचा घोटाळा झाल्यामुळे, वाटेतच कोरडे पडले. कप्तान बॉब पिअर्सन फावल्या वेळात ग्लायडर उडवीत असत. त्या छंदात शिकलेली, विमान तिरके धरून झटपट उंची उतरवण्याची युक्ती त्यांनी त्या अजस्र विमानाला लावली आणि गिमली येथील जुन्या हवाई तळावर ते उतरवले. त्या पट्टीचा एक भाग मोटारींच्या शर्यतींसाठी वापरला जाऊ लागला होता आणि त्या दिवशी तेथे कुटुंबे जमली होती. मुले सायकली फिरवीत होती. विमान तितकेच निःशब्द आले. पुढचे चाक नीट न बसल्याने दुमडले, नाक पट्टीवर घासत विमान माणसांच्या अलीकडे थांबले. विमानातील ६९ जण वाचले, जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही. पिअर्सन यांचे कौतुक झाले, ते रास्तच होते. परंतु उतरण्याच्या निर्णयापुरते पाहिले तर गिमली आणि कापारिका यांत फरक किती? दोन्हीकडे लांब मोकळी पट्टी होती, दोन्हीकडे तिच्यावर माणसे होती, दोन्हीकडे आवाज नव्हता. एका ठिकाणी चाक दुमडले.

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी १९७६ साली नैतिक दैव या कल्पनेवर जी चर्चा सुरू केली तिचा गाभा हाच आहे. माणसाच्या हाती नसलेल्या गोष्टींवर त्याला दोष किंवा मान मिळतो, आणि तो दोष वा मान काढून घ्यावा तर ‘कर्ता’ नावाचे काही उरतच नाही. ही चर्चा बहुधा संकटाच्या क्षणाभोवती घोटाळत राहते. तो क्षण दैवाचा आहेच. वैमानिकाने त्या अर्ध्या मिनिटात काय करायला हवे होते हे खुर्चीत बसून ठरवणे उथळपणाचे आहे. मात्र त्या अर्ध्या मिनिटाआधी कित्येक तास होते, आणि ते तास दैवाचे नव्हते. जागा म्हणजे काय, हे त्या तासांत ठरले. किनाऱ्यालगत उडताना कोणती उंची धरायची, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी वाळू ही जागा राहत नाही, उथळ पाण्यात उतरायचे झाले तर दार आधी कसे उघडून ठेवायचे, हे सर्व थंड डोक्याने ठरवण्याजोगे होते. संकटात माणूस निवड करतो असे म्हणतात. खरे पाहता त्या वेळी तो पूर्वी केलेली निवड अमलात आणत असतो. म्हणून नीतीचा प्रश्न विचारायचा तर तो तालमीला विचारला पाहिजे. तेथे वेळ असतो, कळ हाताशी असते, आणि चूक दुरुस्त करता येते.

भारतात हा प्रश्न अधिक दाट आहे, कारण येथे निर्मनुष्य जमीन हीच मुळात दुर्मीळ. अमेरिकेतल्या मैदानी राज्यांत मैलोगणिक गहू असतो आणि त्यात कोणी नसते. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज, महाराष्ट्रातील बारामती किंवा गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी, जेथे मुले उडायला शिकतात, त्यांच्या भोवती वर्षातल्या कोणत्या दिवशी शेत रिकामे असते? बारामतीच्या कालव्याखालचा ऊस वरून गालिचासारखा सपाट दिसतो. तो दोन पुरुष उंच असतो, आणि त्यातून कोणी पाणी धरीत असेल तर ते देवालाच ठाऊक. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली, पावसाळ्यात चाक गिळणारी. विहिरी वरून दिसत नाहीत. तारा तर नाहीतच. शिवाय येथे एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत नाही. विमान खाली येताना दिसले की लोक पळून जात नाहीत, धावत येतात. मदतीला येतात, पाहायला येतात, मुलांना खांद्यावर घेऊन येतात. मोकळी जागा विमान टेकेपर्यंत मोकळी राहीलच, असे येथे धरून चालता येत नाही. या धावत येण्यात काही वाईट नाही. उलट संकटात पडलेल्याकडे धावणे हाच जुना धर्म आहे. वैमानिकाच्या हिशेबात मात्र तो धर्म धरलेला नसतो.

काही प्रशिक्षक पुन्हा उंची घेताना शिष्याला विचारतात की निवडलेल्या शेतात तो पोहोचला असता का. त्या प्रश्नाला दुसराही जोडता येईल. शेतात कोण होते? याचे उत्तर देता यावे म्हणून शेवटच्या काही सेकंदांत नजर वेगाच्या काट्यावरून उचलून खाली पाहावे लागते, आणि ते पाहणे सरावात बसते. ५०० फुटांचा नियम मोडावा लागत नाही. त्या उंचीवरून दिसते तेवढे पुरेसे असते. गोंदियाच्या भातखाचरांत जुलैमध्ये पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी रोवणी चालू असते. ३,००० फुटांवरून ती खाचरे म्हणजे आभाळाचे तुकडे दिसतात. विमान घरघर थांबवून खाली येऊ लागते, बांध दिसू लागतात, मग बांधावरचे डबे, मग पाण्यात ओणवलेल्या बायकांची एक रांग, तिच्या मागे हिरवी होत गेलेली पट्टी. वर कळ पुढे सरकते आणि इंजिन गर्जते. रोज होणाऱ्या त्या आवाजाने रांगेतले कोणी मान वर करीत नाही.